बदामीच्या लाल कातळावर पहिली चढाई : सहलीतील अर्धा दिवस कसा आखावा

जेवण झाल्यावर पोटावरून हात फिरवत ‘वातापी जीर्णो भव’ म्हणणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना बदामी गाव पाहण्याआधीच ठाऊक असते; अगस्त्य ऋषींनी पचवलेल्या वातापीच्याच नावाचे हे गाव, आणि लेण्यांच्या पायथ्याचा तलावही अगस्त्यतीर्थ म्हणूनच ओळखला जातो. मराठी प्रवासी येथे चालुक्यांची लेणी पाहतो, दुसऱ्या दिवशी पट्टदकल आणि ऐहोळे करतो आणि हंपीकडे निघतो. ज्या लाल कड्यात ती लेणी कोरली आहेत, तशाच कड्यांवर देशभरातील प्रस्तरारोहक हिवाळ्यात मुक्कामाला येतात, याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. या सहलीत एक सकाळ मोकळी ठेवली, तर ज्याने आयुष्यात कधी दोर बांधलेला नाही अशा माणसालाही प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खऱ्या कड्यावर चढून पाहता येते. मी ते पहिल्यांदा केले तेव्हा ४३ वर्षांची होते आणि नियमित व्यायाम म्हणजे घराचे तीन जिने, एवढीच माझी तयारी होती. पुढील मजकूर अशाच वाचकासाठी आहे.

बदामीच का

आपल्या सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा. त्यावरही उत्तम चढाया झाल्या आहेत, परंतु पुष्कळ ठिकाणी तो ठिसूळ असतो, थरांच्या मध्ये माती आणि गवत असते आणि हातात आलेला दगड हातातच राहण्याची भीती अनुभवी माणसालाही असते. बदामीचा दगड वालुकाश्म आहे, वाळूचे थर दाबले जाऊन झालेला. हे थर आडवे असल्यामुळे उभ्या भिंतीवर ठिकठिकाणी कपाटातल्या फळीसारख्या आडव्या कडा सुटलेल्या आहेत, त्यामुळे बोटांना आणि बुटाच्या टोकाला धरायला काहीतरी मिळत जाते. तिसऱ्या लेण्यातील शिलालेख शके ५००चा, म्हणजे इसवी सन ५७८चा आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीला वश होणारा आणि तरीही इतकी वर्षे कोरीवकाम धरून ठेवणारा हा दगड चढणाऱ्यालाही तसाच सोयीचा पडतो.

हंपीचे ग्रॅनाइट अधिक प्रसिद्ध आहे, हे खरे. मात्र तेथील मुख्य प्रकार बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय लहान शिळांवर चढण्याचा आणि खाली गादी पसरून तीवर उडी मारण्याचा आहे. नवख्याला तो सोपा वाटतो, पण त्यात प्रत्येक वेळी पडणे म्हणजे जमिनीवर पडणे असते, आणि मुरगळलेला घोटा घेऊन उरलेले हंपी पाहण्यात काही अर्थ नसतो. पहिला अनुभव दोराचा असावा, आणि तोही ‘टॉप रोप’ पद्धतीचा असावा, असे माझे ठाम मत आहे. या पद्धतीत दोर आधीच वर पक्क्या अँकरमधून, म्हणजे कड्याच्या माथ्याशी दोर टांगण्यासाठी केलेल्या आधारातून, ओवून खाली सोडलेला असतो. एक टोक चढणाऱ्याला बांधलेले असते आणि दुसरे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या, दोर रोखून धरणाऱ्या साधनातून जाते. हात सुटला तर दोराच्या ताणाएवढे, म्हणजे साधारणपणे फूट-दीड फूट खाली येऊन माणूस तेथेच लटकतो. ‘लीड’ पद्धतीत चढणारा दोर आपल्याबरोबर वर नेतो आणि दगडात बसवलेल्या धातूच्या खिळ्यांत, म्हणजे बोल्टमध्ये, अडकवत जातो. तीत पडणे लांब असते, आणि पहिल्या दिवशी कोणी ती सुचवली तर स्पष्ट नकार द्यावा.

केव्हा आणि कसे जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. मार्चनंतर दगड तव्यासारखा तापतो आणि घामाने बोटे घसरू लागतात. पावसाळा पूर्णपणे वर्ज्य धरावा, आणि त्याचे कारण केवळ निसरडेपणा नव्हे. वालुकाश्म पाणी शोषून घेतो आणि ओला असताना त्याची ताकद लक्षणीयरीत्या कमी होते. कोरड्या दिवशी शंभर जणांना पेललेली कड ओल्या दिवशी एकाच्या वजनाने तुटू शकते. अवेळी पाऊस झाला तर वरून कोरडा दिसणारा दगडही आतून ओला असतो, म्हणून किमान एक-दोन दिवस थांबावे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्याच सकाळी नेण्यास जो प्रशिक्षक तयार होतो, त्याला दगड कळत नाही किंवा कळूनही पैसे हवे आहेत. दोन्ही गोष्टी आपल्या उपयोगाच्या नाहीत.

रेल्वेने सोलापूर, विजयपूर, बागलकोट या मार्गाने बदामीला पोचता येते. स्थानक गावापासून सुमारे ५ किलोमीटर दूर आहे आणि तेथून रिक्षा मिळतात. हुबळीहून रस्त्याने अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. चढाईसाठी प्रवासाचा दुसरा दिवस राखावा, पहिला नव्हे. रात्रभर गाडीत अवघडून आलेल्या शरीराला सकाळी सातला कड्याशी उभे करणे अन्यायाचे आहे.

प्रशिक्षकाची पारख

संपूर्ण लेखातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नवख्याला कड्यावर स्वतःच्या सुरक्षिततेचा फारसा निर्णय घेता येत नाही. तो निर्णय त्याने आदल्या दिवशी, माणूस निवडताना, घेतलेला असतो. बदामीत स्थानिक प्रशिक्षक आहेत, कर्नाटक शासनाच्या जनरल थिमय्या राष्ट्रीय साहस अकादमीचे प्रस्तरारोहणाचे वर्गही येथे होत आले आहेत, आणि महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्था हिवाळ्यात आपली शिबिरे येथे आणतात. यांपैकी कोणाकडेही जावे, पण जाण्यापूर्वी प्रत्यक्ष भेटून बोलावे.

पहिला प्रश्न प्रशिक्षणाचा असावा : गिर्यारोहणाचा कोणता अभ्यासक्रम केला आहे, प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले आहे का, आणि दुखापत झाल्यास माणसाला कड्यावरून रस्त्यापर्यंत व तेथून रुग्णालयापर्यंत कसे नेणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तयार असणारा माणूस साधारणपणे बाकीच्या गोष्टींतही तयार असतो. दुसरा प्रश्न संख्येचा : एका प्रशिक्षकामागे किती जण? पूर्ण नवख्यांचा गट असेल तर चारपेक्षा जास्त असू नयेत, असे मी मानते. तिसरा प्रश्न अँकरचा : वरचा दोर किती बोल्टवर टांगला जाणार आहे? उत्तर ‘किमान दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले’ असेच हवे. एका बोल्टवर किंवा एका झुडपावर सगळा भरवसा ठेवणाऱ्याशी वाद घालत बसू नये, नमस्कार करून निघावे.

दोर आणि हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, पाहायला मागण्यात संकोच करू नये. चढाईचा दोर थोडा ताणला जाणारा, ‘डायनॅमिक’ प्रकारचा असतो. पूर्ण लांबीभर तो बोटांतून सरकवून पाहिला तर कोठे चपटा पडलेला, टणक झालेला किंवा आतला पांढरा गाभा दिसणारा भाग लगेच हाताला लागतो. साधनांवर ‘सीई’ किंवा ‘यूआयएए’ हे मानकचिन्ह असते. हार्नेसचे शिवण उसवलेले नसावे आणि उन्हाने रंग पार उडालेला नसावा. चांगला प्रशिक्षक या तपासणीने दुखावला जात नाही. उलट दोर कधी विकत घेतला हेही आपणहून सांगतो.

येथे माझा एक जुना अनुभव सांगणे भाग आहे. सह्याद्रीतील एका कड्यावर एका आयोजकाच्या पावसाळी सहलीत मी रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणे, केले होते. चाळीसेक माणसे, दोन दोर आणि ‘चला, पुढचे कोण’ असा घोष. माझ्या कमरेच्या पट्ट्याचे टोक बकलमधून परत ओवायचे राहिले होते, आणि ते माझ्यामागे उभ्या असलेल्या एका अनोळखी कॉलेजकुमाराने पाहिले म्हणून बरे झाले. त्या दिवसापासून प्रशिक्षक जमिनीवर किती वेळ घालवतो यावरून मी त्याची परीक्षा करते. पहिला माणूस कड्याला हात लावण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास बांधाबांधीत आणि समजावण्यात गेला, तर तो वेळ वाया गेलेला नसतो.

जागेविषयीही विचारावे. लेणी, किल्ला आणि मंदिरे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि कोरीव किंवा संरक्षित दगडावर चढणे सर्वथा निषिद्ध आहे. चढाईच्या भिंती वेगळ्या आहेत. ‘टेंपल एरिया’ या नावाने चढणाऱ्यांत ओळखला जाणारा भाग नवख्यांसाठी अधिक वापरला जातो. येथे चढाईची अवघडता फ्रेंच पद्धतीच्या आकड्यांत सांगतात, आकडा मोठा तितका मार्ग अवघड. पहिल्या दिवशी ४ किंवा फार तर ५च्या सुरुवातीचा मार्ग मागावा.

आदल्या रात्रीची तयारी

हाताची आणि पायाची नखे कापावीत. अंगठ्या काढून मुक्कामाच्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण अंगठी दगडाच्या फटीत अडकली आणि त्याच वेळी पाय सुटला तर बोटाला फार वाईट दुखापत होते. बांगड्या, घड्याळ, लांब कानातले यांनाही हाच नियम लागू आहे. मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते छोटे असावे आणि अंगालगत कपड्याच्या आत चिकटपट्टीने बसवावे. लोंबते मंगळसूत्र घेऊन चढू नये. जोडव्यांचा विचार मात्र कोणी करत नाही. चढाईचे बूट इतके घट्ट असतात की माझ्या बहिणीला पहिल्या पाच मिनिटांतच जोडवी बोटात रुतल्यामुळे बूट काढावे लागले, आणि सुजलेल्या बोटातून जोडवी काढण्यासाठी पाण्याच्या बाटलीतले सगळे पाणी आणि कोणाकडची तरी व्हॅसलीनची डबी खर्ची पडली. ती रात्रीच, साबण लावून काढावीत.

केसांची घट्ट वेणी घालून ती शर्टाच्या आत घ्यावी, कारण मोकळे केस दोराच्या साधनात ओढले जातात. कपडे गुडघा पोटापर्यंत येईल इतके सैल आणि ताणाचे असावेत. सलवार चालते, ओढणी चालत नाही, जीन्स अडचणीची ठरते. सुगंधी तेल आणि अत्तर टाळावे. कड्यांवर आग्यामाश्यांची पोळी असू शकतात आणि उग्र वासाने त्या बिथरतात. न्याहारी हलकी करावी. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भरली वांगी हे तिकडचे जेवण आपल्या ओळखीचे आणि मोह पाडणारे आहे, पण ते चढून आल्यावर.

खांदा पूर्वी निखळला असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि प्रशिक्षकालाही सांगावे. लहान मुलांची कंबर भरलेली नसते, उलटे झाल्यास कमरेचा हार्नेस निसटू शकतो. त्यांच्यासाठी छातीसकट बांधला जाणारा पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, आणि तो उपलब्ध नसेल तर मुलांनी त्या दिवशी प्रेक्षक व्हावे. प्रवास विमा घेतला असेल तर साहसी खेळांचा अपवाद त्यात आहे का, हे पाहून ठेवावे.

कड्याच्या पायथ्याशी

सकाळी सातपर्यंत पोचावे. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, आणि खाण्याची पिशवी उघड्यावर ठेवू नये. बदामीची माकडे चेन उघडण्यात आपल्यापेक्षा तरबेज आहेत.

हेल्मेट प्रथम घालावे, आणि कड्याखाली उभे असेपर्यंत ते काढू नये. वरून येणारा खडा चढणारा आणि पाहणारा असा भेद करत नाही. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर, पोट आत घेऊन आवळावा. तळहात आत जावा, पण मूठ वळून बाहेर येऊ नये. चढणाऱ्याला दोर बांधण्याची गाठ म्हणजे आठाची गाठ. दोरात आधी एक आठ काढायचा, टोक हार्नेसच्या पायाकडील आणि कमरेकडील अशा दोन्ही कड्यांतून ओवायचे, आणि मग त्याच आठाच्या वाटेने परत फिरवायचे. पूर्ण झाल्यावर दोन दोर शेजारीशेजारी, रेल्वेच्या रुळांसारखे, कोठेही एकमेकांवर न चढता दिसले पाहिजेत, आणि उरलेले टोक किमान १० सेंटिमीटर असावे. काही जण नवख्याला गाठीऐवजी कुलपाच्या कॅराबिनरने, म्हणजे उघडता येणाऱ्या धातूच्या कडीने, अडकवतात. ते चालते, परंतु कुलूप फिरवून बंद झाले आहे हे दाबून पाहावे.

त्यानंतर जोडीची तपासणी. चढणाऱ्याने खालच्या माणसाचे साधन पाहायचे, खालच्याने चढणाऱ्याची गाठ आणि बकल पाहायचे, आणि नुसते पाहायचे नाही, हात लावून मोठ्याने बोलायचे. प्रत्येक वेळी, दहाव्या चढाईलाही. अपघात बहुधा पहिल्या चढाईत होत नाहीत. सरावाने निर्धास्त झालेल्या हातांनी ते होतात.

आज्ञाही आधीच ठरवून घ्याव्यात, कारण वारा असला की वरचे बोलणे खाली नीट येत नाही. ‘टेक’ म्हणजे दोर ताण, मला बसायचे आहे. ‘स्लॅक’ म्हणजे थोडा सैल सोड. ‘लोअर’ म्हणजे खाली उतरव. दोर सांभाळण्याच्या कामाला ‘बिले’ म्हणतात.

पहिले दोन मीटर

आता एक सूचना, जी अनेक प्रशिक्षक देत नाहीत आणि जी मला सर्वांत उपयोगी वाटली. फक्त दोन मीटर चढा, ‘टेक’ म्हणा, आणि दोन्ही हात सोडून हार्नेसमध्ये बसा. मेंदू नकार देतो. दगड सोडायचा नाही, असे बोटे स्वतःच ठरवतात. माझ्या बाबतीत प्रशिक्षकाने खालून तीन वेळा शांतपणे ‘हात सोडा, मॅडम’ म्हटले तेव्हा कोठे डावा हात सुटला, आणि उजवा त्याहूनही नंतर. एकदा दोर ताणला गेला, कमरेखाली पट्ट्यांनी भार घेतला आणि आपण खुर्चीत बसल्यासारखे हवेत थांबलो, की पुढच्या चढाईतील अर्धी भीती तेथेच उतरते. हे दोन मीटरवर न करता थेट पंधरा मीटरवर जाऊन करण्याची वेळ आली, तर माणूस उतरायलाच तयार होत नाही. पुष्कळ नवखे वर जाण्यात अडकत नाहीत, खाली येण्यात अडकतात.

उतरण्याची पद्धतही येथेच शिकून घ्यावी. पाय खांद्यांइतके फाकवून भिंतीवर टेकवायचे, गुडघे किंचित सैल, पाठ मागे टाकायची आणि भिंतीवरून मागे चालत यायचे. दोराला किंवा दगडाला कवटाळून राहिल्यास पाय घसरतात आणि गुडघे फुटतात.

हात नव्हे, पाय

नवखा माणूस हातांनी स्वतःला ओढत नेतो, म्हणून चार मिनिटांत त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दगडासारखा टणक होतो आणि बोटे उघडूच लागतात. चढणाऱ्यांच्या भाषेत याला ‘पंप होणे’ म्हणतात. उपाय साधा आहे : शिडी चढताना आपण पायांनी चढतो आणि हातांनी तोल राखतो, तसेच येथे करावे. बुटाचा मधला भाग कडेवर टेकवू नये, अंगठ्याकडची आतली बाजू टेकवावी. पाय ठेवण्याच्या जागेकडे पाय पूर्ण टेकेपर्यंत पाहत राहावे. बहुतेक जण अर्ध्यावरच नजर वर नेतात आणि मग पाय चाचपडत राहतो. पावले छोटी असावीत. हात सरळ ठेवून त्यांवर लटकावे, कोपर वाकवून नव्हे. सरळ हातात वजन हाडांवर येते. कंबर भिंतीजवळ ठेवली की पायांवर भार पडतो आणि बूट पकड घेतात.

मध्येच पाय शिलाई मशीनसारखा थरथरू लागला तर घाबरू नये. टाच थोडी खाली घ्यावी, खोल श्वास सोडावा, एक हात खाली सोडून झटकावा. एखादी कड धरण्यापूर्वी तिच्यावर हलकेच थाप मारून पाहावी. पोकळ आवाज आला तर ती सोडावी. दगड निसटलाच तर खालच्यांना सावध करण्यासाठी ‘रॉक’ असे जोरात ओरडावे. चढण्यापूर्वी बुटाचे तळवे पुसून घ्यावेत, कारण तळव्याला चिकटलेली वाळू पकड कमी करते आणि वालुकाश्मावर घासून मार्ग गुळगुळीत करते.

बुटांविषयी थोडेसे : बोटे टोकाला टेकावीत पण दुमडून दुखू नयेत, आणि दोन चढायांच्या मध्ये बूट काढून ठेवावेत. मापाचे चढाईचे बूट मिळाले नाहीत तर जाड ट्रेकिंग बुटांपेक्षा पायाला घट्ट बसणारे, रबरी तळाचे कॅनव्हास बूट बरे.

बिले करायचे की नाही

दोन चढायांनंतर प्रशिक्षक कदाचित ‘आता तुम्ही दोर सांभाळा’ असे म्हणेल. शिकण्यासारखी ही गोष्ट नक्कीच आहे, परंतु एका अटीवर : तुमच्या मागे उभे राहून दोराचे सुटे टोक त्याने किंवा त्याच्या सहायकाने धरले पाहिजे. खालच्या दोरावरचा हात, ज्याला ब्रेकचा हात म्हणतात, तो कोणत्याही कारणाने सुटता कामा नये. माशी बसली तरी नाही, फोन वाजला तरी नाही. आपोआप अडकणारी साधने आली आहेत, पण ती हाताला मदत करतात, हाताची जागा घेत नाहीत. चढणारा तुमच्यापेक्षा खूप वजनदार असेल तर तो पडताच तुम्ही उचलले जाल, म्हणून नवरा-बायकोची जोडी लावण्यापूर्वी वजनाचा अंदाज घ्यावा. मनाची तयारी नसेल तर नाही म्हणावे. पैसे चढण्याचे दिलेले आहेत.

तीन ते चार तासांत प्रत्येकाच्या दोन-तीन चढाया होतात, आणि पहिल्या वेळी तेवढ्या पुरेशा आहेत. ऊन भिंतीवर आले की थांबावे. शेवटची चढाई थकलेल्या हातांनी करण्याचा आग्रह गटातील एखादा तरी धरतोच. तो मानू नये.

परतल्यावर हात धुऊन बोटांच्या टोकांना खोबरेल तेल लावावे. वाळूच्या दगडाने कातडी सोलपटलेली असते आणि मिरचीचा ठेचा हाताने कालवताना ते चांगलेच लक्षात येते. लेणी त्याच दुपारी पाहायला हरकत नाही. आणखी एक सत्र करायचे असेल तर मध्ये एक दिवस पट्टदकल-ऐहोळेला द्यावा, कारण दंड आणि खांदे दुसऱ्या दिवशी सर्वाधिक दुखतात. परतीच्या सत्रात त्याच भिंतीवरचा तोच मार्ग मागून घ्यावा. पहिल्या दिवशी कोठे कोठे उगाच हातांनी ओढले होते, ते या वेळी पायांना कळते.